व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घरी सांभाळताना: आधी मोजा, मग बदला

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की बहुतेक जण सर्वांत आधी व्हॉल्व्ह बदलतात. ते डोळ्यांसमोर असतात, हाताने निघतात, म्हणून पहिला संशय त्यांच्यावरच जातो. पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या संचात मात्र मूळ दोष बऱ्याचदा चेसिसच्या पोटात, एखाद्या कंडेन्सरात किंवा रेझिस्टरात दडलेला असतो. तो न शोधता बसवलेला नवा व्हॉल्व्ह अर्ध्या तासात लाल होऊन बाद होतो. सुरुवातीच्या काळात ईएल८४ ची एक कोरी जोडी मी अशीच गमावली आहे. म्हणून या लेखात मोजमाप आधी आहे आणि दुरुस्ती नंतर. आपणही हाच क्रम ठेवावा.

उदाहरणासाठी दोन प्रकारचे संच घेऊ. पहिला ईएल८४ व्हॉल्व्हच्या पुश-पुल जोडीचा, चॅनलमागे दहा-बारा वॅटचा. मलार्ड कंपनीचे १९५४ चे ‘५-१०’ हे सर्किट (पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट) आणि लीक कंपनीचा ‘स्टिरिओ २०’ हे याच घराण्यातले. यात बायस आपोआप ठरतो. बायस म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा हे ठरवणारे, कॅथोडच्या तुलनेतले ग्रिडवरचे व्होल्टेज. दुसरा प्रकार ईएल३४ वापरणारा, ज्याचा बायस हाताने लावावा लागतो. १९५९ चा डायनाको ‘एसटी-७०’ हे त्याचे परिचित उदाहरण. आपला संच कोणताही असो, तो बहुधा या दोहोंपैकी एका पद्धतीने चालतो. त्याची सर्किट आकृती मिळवून छापून घ्यावी आणि मगच स्क्रू सोडवावेत.

हात लावण्यापूर्वी

१. या संचात ३०० ते ४५० व्होल्टचा डीसी पुरवठा असतो. त्याला एच.टी. म्हणतात. हा शॉक प्राणघातक ठरू शकतो, आणि येथे एक गैरसमज दूर करणे मला फार महत्त्वाचे वाटते. घरात आरसीसीबी बसवला आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे पुष्कळांना वाटते. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहाचा फरक ओळखतो. एच.टी. तयार होते ती ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला, घरच्या वायरिंगपासून अलग. एच.टी. आणि चेसिस यांच्यामध्ये आपला हात आला तर आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. येथे संरक्षण आपल्या सवयींचेच.

२. त्या सवयी अशा. प्लग भिंतीतून काढून समोर ठेवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. अंगठी, घड्याळ, ब्रेसलेट काढून ठेवावे. पायात रबरी चप्पल आणि जमीन कोरडी असावी. चालू संचात मोजताना मीटरची काळी वायर क्रोकोडाइल क्लिपने चेसिसला लावून टाकावी, लाल प्रोब एका हाताने धरावा आणि दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात ठेवावा. घरात दुसरे कोणी जागे नसताना चालू संच उघडू नये.

३. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरांत विद्युतभार उरतो. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवावा. आधी चेसिसला, मग एच.टी.ला लावून अर्धा मिनिट थांबावे आणि मीटरने खात्री करावी. एच.टी.च्या साखळीत तीन-चार कंडेन्सर असतात; प्रत्येकावर मोजावे. रिकामा झालेला मोठा कंडेन्सर थोड्या वेळाने पुन्हा काही व्होल्ट दाखवू लागतो, त्यामुळे काम चालू असेपर्यंत हा रेझिस्टर जागेवर राहू द्यावा. पुन्हा वीज देण्यापूर्वी तो काढायचा आहे, हे कागदावर लिहून समोर ठेवावे. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून कंडेन्सर रिकामा करण्याची जुनी पद्धत टाळावी. त्या ठिणगीने कंडेन्सर आणि डोळे दोघांनाही इजा होते.

४. चेसिस अर्थ केलेले हवे. जुने संच अनेकदा दोन वायरींच्या केबलसह येतात. त्या जागी तीन वायरींची केबल घालून अर्थची वायर चेसिसला स्क्रू आणि लगने घट्ट जोडावी. वायरींच्या रंगांकडे नीट लक्ष द्यावे. जुन्या ब्रिटिश आणि भारतीय पद्धतीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. नव्या पद्धतीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अमेरिकन संचात मात्र काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची असते. आपल्या सवयीच्या हे नेमके उलट आहे.

५. साधने थोडी लागतात, पण चांगली हवीत: १००० व्होल्टपर्यंत मोजणारा डिजिटल मल्टीमीटर आणि त्याच्या न फाटलेल्या वायरी, सोल्डरिंग आयर्न, बांबूची एक लांब काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि प्रत्येक चॅनलसाठी ८ ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर. तपासणीच्या वेळी स्पीकरऐवजी हा भार-रेझिस्टर जोडायचा. पुश-पुल व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर किंवा रेझिस्टर न जोडता कधीही चालवू नये. भार नसताना सिग्नल गेला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेजच्या उसळ्या येतात आणि इन्सुलेशन फुटते. या संचातला सर्वांत महाग आणि सर्वांत अवघड मिळणारा भाग हाच आहे.

६. एक वही घालावी. त्यात तारीख, त्या वेळचे घरातले व्होल्टेज आणि पुढे सांगितलेली सर्व मापे लिहावीत. संच उत्तम चालू असतानाची मापे सर्वांत मोलाची असतात. बिघाड झाल्यावर ‘पूर्वी किती होते’ याचे उत्तर फक्त याच वहीत सापडते.

बरीच वर्षे बंद असलेला संच

माळ्यावरून उतरवलेला किंवा जुन्या बाजारातून आणलेला संच ‘चालतो का बघू’ म्हणून थेट भिंतीत लावू नये. पुढील पायऱ्यांना एक संध्याकाळ लागते.

७. तळाची पत्रा-प्लेट काढून आधी नुसते पाहावे आणि वास घ्यावा. झुरळांची अंडी, मेलेली पाल, उंदराने कुरतडलेली वायर हे आपल्याकडे नेहमीचे. जळका वास कोणत्या भागातून येतो ते शोधावे. ट्रान्सफॉर्मरमधून डांबरासारखा चिकट पदार्थ ओघळला असेल, कंडेन्सरचे डबे फुगले असतील किंवा त्यांच्या बुडाशी पांढरी भुकटी असेल, तर ते आधी टिपून घ्यावे. व्हॉल्व्हच्या माथ्यावर आतून चंदेरी आरशासारखा थर असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह मेला आहे.

८. व्होल्टेज सिलेक्टर तपासावा. ब्रिटिश संचांवर साधारण २०० ते २५० व्होल्टच्या खुणा असतात. आपल्याकडे २३० म्हणतात, पण घरात प्रत्यक्ष किती येते ते दोन-तीन दिवस, निरनिराळ्या वेळी मोजावे. रात्री २५० येत असेल आणि सिलेक्टर २३० वर असेल, तर ६.३ व्होल्टच्या हीटरला सुमारे ६.८५ व्होल्ट मिळतात. व्हॉल्व्हचे आयुष्य कमी करणारी ही गोष्ट वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. अशा घरी सिलेक्टर वरच्या खुणेवर ठेवावा. अमेरिकन ११७ व्होल्टच्या संचाला योग्य वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. शिवाय फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर अधिक तापतो, हे लक्षात ठेवून त्याला मोकळी हवा द्यावी.

९. सिरीज बोर्ड वापरावा. घरोघरच्या इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच: फेजच्या वायरीत १०० वॅटचा फिलॅमेंटचा बल्ब आणि पुढे सॉकेट. एलईडी चालणार नाही. संचात शॉर्ट असेल तर सगळे व्होल्टेज बल्ब घेतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सर्व व्हॉल्व्ह काढून, कोणता कुठे होता ते लिहून, वीज द्यावी. बल्ब जवळपास विझलेला दिसला तर ठीक. तो प्रखर पेटला तर मेन्स ट्रान्सफॉर्मर किंवा त्याची वायरिंग दोषी आहे आणि पुढे जायचे नाही.

१०. आता रेक्टिफायर सोडून बाकीचे व्हॉल्व्ह बसवावेत. रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा जीझेड३४ किंवा ईझेड८१, नसेल तोवर एच.टी. तयार होत नाही. फक्त हीटर पेटतात. बल्ब मंद पेटेल. प्रत्येक व्हॉल्व्हच्या तळाशी नारिंगी ठिपका दिसतो का ते अंधारात पाहावे. त्यानंतर भार-रेझिस्टर जोडून रेक्टिफायर बसवावा. बल्ब क्षणभर वाढेल आणि मध्यम उजेडावर स्थिरावेल. तो पूर्ण प्रखर राहिला तर एच.टी.मध्ये शॉर्ट आहे, आणि पहिला संशय फिल्टर कंडेन्सरवर घ्यावा. संचात सिलिकॉन डायोड असतील तर ही पायरी वेगळी करता येत नाही. तेथे बल्बच्या उजेडावर दुप्पट लक्ष ठेवावे.

११. १९५०-६० च्या दशकांतले इलेक्ट्रोलायटिक फिल्टर कंडेन्सर मी बदलतोच. पुन्हा जिवंत करण्याच्या पद्धती आहेत, पण ते फुटले तर ट्रान्सफॉर्मर बरोबर नेतात. जुना डबा शोभेसाठी जागेवर ठेवून त्याच्या सर्व वायरी सोडवाव्यात आणि नवे कंडेन्सर चेसिसखाली बसवावेत. जुन्याला समांतर जोडू नयेत. व्होल्टेजचे रेटिंग मूळ इतके किंवा अधिक घ्यावे. क्षमता मात्र ‘मोठी तेवढी चांगली’ असे समजू नये. रेक्टिफायरच्या लगेच पुढच्या कंडेन्सरला जीझेड३४ साठी ६० आणि ईझेड८१ साठी ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. ती ओलांडली तर सुरू होतानाच्या लोंढ्याने रेक्टिफायर खलास होतो.

संचाची प्रकृती सांगणारी तीन मापे

आता सिरीज बोर्ड काढून, भार-रेझिस्टर जोडून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून संच वीस मिनिटे तापू द्यावा. पुढील तीन मापे नीट घेतली तर निम्म्याहून अधिक बिघाड सापडतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून येथे घाई करू नये.

१२. पहिले माप एच.टी.चे. आकृतीतल्या आकड्याशी ते दहा टक्क्यांच्या आत जुळायला हवे. फार कमी असेल तर रेक्टिफायर थकला आहे, पहिला फिल्टर कंडेन्सर सुकला आहे किंवा कोणीतरी जास्त प्रवाह ओढत आहे. फार जास्त असेल तर आउटपुट व्हॉल्व्ह काम करत नाहीत किंवा घरचे व्होल्टेज चढे आहे.

१३. दुसरे माप कॅथोडचे. ईएल८४ मध्ये कॅथोड ३ क्रमांकाच्या पिनवर असतो. पिना खालून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या. कॅथोड आणि चेसिस यांच्यामधल्या रेझिस्टरवर जे व्होल्टेज पडते, त्याला रेझिस्टरच्या ओहमने भागले की प्रवाह मिळतो. समजा रेझिस्टर २७० ओहमचा आणि व्होल्टेज १०.८ आहे. प्रवाह झाला ४० मिलिअँपिअर. त्यातले सुमारे ४ स्क्रीन ग्रिडचे वजा केले की प्लेटमधून ३६ उरतात. प्लेटवर (पिन ७) ३१० व्होल्ट असतील तर प्लेट आणि कॅथोडमध्ये साधारण २९९ व्होल्ट झाले. २९९ गुणिले ०.०३६ म्हणजे सुमारे १०.८ वॅट. ईएल८४ च्या प्लेटची मर्यादा १२ वॅटची आहे, म्हणजे हा व्हॉल्व्ह भरपूर काम करतो आहे पण मर्यादेत आहे. याच जागी १६ व्होल्ट आले असते तर प्रवाह ५९ मिलिअँपिअर झाला असता, आणि तेव्हा संच ताबडतोब बंद करायचा.

हे गणित करण्यापूर्वी, वीज बंद असताना, तो रेझिस्टर खरोखर २७० ओहमचा उरला आहे ना ते मोजावे. वर्षानुवर्षे तापून तो ३३० झालेला असू शकतो आणि मग सगळे गणित चुकते. जोडीतल्या दोन व्हॉल्व्हच्या प्रवाहांत दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा. फरक वाढला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकतर्फी चुंबकत्व साठते आणि पखवाजाचा ‘धुम’ पोकळ वाजू लागतो. काही संचांत दोन्ही व्हॉल्व्हना मिळून एकच रेझिस्टर असतो, जसा क्वाड २ मध्ये दोन केटी६६ साठी १८० ओहमचा. तेथे बेरीजच कळते. दोघांचा वेगळा प्रवाह पाहायचा तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक अर्ध्या गुंडाळीवरचे डीसी व्होल्टेज मोजून त्या अर्ध्याच्या ओहमने भागावे.

१४. तिसरे माप ग्रिडचे, आणि सगळ्यांत बोलके हेच. ईएल८४ ची ग्रिड पिन २ वर असते. आपोआप बायस होणाऱ्या संचात येथे चेसिसच्या तुलनेत शून्य व्होल्ट हवे. अर्धा व्होल्ट किंवा अधिक धन व्होल्टेज आले तर दोनच शक्यता: आधीच्या टप्प्यातून येणारा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे, किंवा त्या व्हॉल्व्हमध्येच वायू शिरला आहे. संच बंद करून तेवढा एक व्हॉल्व्ह काढावा, पुन्हा चालू करून मिनिटभरात मोजावे. व्होल्टेज तसेच राहिले तर दोष कंडेन्सरचा. नाहीसे झाले तर व्हॉल्व्हचा. माझ्या वाया गेलेल्या जोडीला हे एक मिनिट पुरले असते.

गळका कंडेन्सर साध्या मीटरच्या ओहमवर सापडत नाही. आधीच्या टप्प्याच्या प्लेटवर २०० व्होल्ट, ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहम आणि ग्रिडवर २ व्होल्ट आले असे धरा. म्हणजे कंडेन्सरमधून होणारी गळती सुमारे ४७ मेगओहमची आहे. एवढा आकडा बहुतेक मीटर दाखवतही नाहीत, आणि दाखवला तरी तो मीटरच्या बॅटरीवरचा, २०० व्होल्टच्या ताणावरचा नव्हे. तेव्हा हे तपासायचे ते चालू संचात, ग्रिडवरच. मेणाचे आणि कागदाचे जुने कपलिंग कंडेन्सर दिसले तर ६३० व्होल्टच्या पॉलिप्रॉपिलीनने सरळ बदलावेत. पण मलार्ड-फिलिप्सचे मोहरीच्या रंगाचे पॉलिएस्टर कंडेन्सर बहुतेक आजही धडधाकट असतात. ग्रिडवर शून्य येत असेल तर त्यांना हात लावू नये. सरसकट सगळे उपटून नवे घालणे मला पटत नाही: दोष कळत नाही, संचाचा मूळ आवाज बदलतो, आणि शंभर नव्या जोडांत एखादा ड्राय सोल्डर हमखास राहतो.

१५. हाताने बायस लावायच्या संचात ग्रिडवर ऋण व्होल्टेज असते, साधारण वजा ३० ते वजा ४५. ते नाहीसे झाले तर व्हॉल्व्ह मिनिटभरात लाल होतो, म्हणून व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वीच रिकाम्या सॉकेटवर (ईएल३४ साठी पिन ५) ते मोजून खात्री करावी. डायनाकोत दोन ईएल३४ च्या कॅथोडना मिळून १५.६ ओहमचा रेझिस्टर आहे आणि कंपनीने १.५६ व्होल्ट लावायला सांगितले होते, म्हणजे दोघांत १०० मिलिअँपिअर. चढ्या व्होल्टेजच्या घरात थोडे खाली, १.२५ व्होल्टच्या आसपास ठेवले तर चालते; व्हॉल्व्ह जास्त टिकतात आणि आवाजात उणे जाणवत नाही. इतर संचांसाठी सर्वसाधारण नियम असा की प्लेटच्या मर्यादेच्या सत्तर टक्के धरावे. ईएल३४ ची मर्यादा २५ वॅट. सत्तर टक्के म्हणजे १७.५, प्लेटवर ४१५ व्होल्ट असतील तर सुमारे ४२ मिलिअँपिअर. बायसच्या पुरवठ्यात जुना सिलिनियम रेक्टिफायर असेल तर तो सिलिकॉन डायोडने बदलावा आणि त्यानंतर बायस सर्वाधिक ऋण टोकापासून हळूहळू वर आणावा.

लक्षण पाहून शोध

१६. काहीच चालत नाही. फ्यूज पाहा. गेला असेल तर त्याच क्षमतेचा, त्याच प्रकारचा (या संचांना ‘स्लो-ब्लो’ लागतो) फक्त एकदा घालावा. पुन्हा गेला तर रेक्टिफायर काढून बघावे. तरीही जात असेल तर दोष ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, नाहीतर एच.टी.च्या बाजूला किंवा खुद्द रेक्टिफायरमध्ये. मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे फ्यूजचे काम ट्रान्सफॉर्मरवर सोपवणे.

१७. एकाच चॅनलमध्ये दोष. स्टिरिओ संचाची ही मोठी सोय आहे, कारण निरोगी चॅनल तुलनेला हाताशी असतो. आधी इनपुटच्या वायरी डावी-उजवी बदलाव्यात. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, टर्नटेबल किंवा वायरीत आहे. नाही गेला तर संच बंद करून एका वेळी एकच व्हॉल्व्ह दोन चॅनलांत अदलाबदल करावा. दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह दोषी; जागेवरच राहिला तर सर्किट. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर यातून काहीही कळत नाही. एकच काळजी घ्यावी: आउटपुट व्हॉल्व्ह लाल होत असेल तर ग्रिडची तपासणी केल्याशिवाय चांगला व्हॉल्व्ह त्या जागी नेऊ नये.

१८. हम. आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची, आणि ती रेक्टिफाय झाली की उरणारी लहर १०० हर्ट्झची. १०० हर्ट्झ म्हणजे त्याच सुराचे वरचे सप्तक, आणि गाणे ऐकणाऱ्या कानाला हा फरक पटकन कळतो. हम वरच्या सप्तकातला, जरा धारदार असेल तर फिल्टर कंडेन्सर सुकले आहेत किंवा आउटपुटची जोडी असमतोल आहे. खालचा, घुमणारा असेल तर अर्थिंग, हीटरच्या न पिळलेल्या वायरी किंवा एखाद्या व्हॉल्व्हमध्ये हीटरची कॅथोडला होणारी गळती. आता इनपुटच्या वायरी काढून तेथे शॉर्ट केलेला आरसीए प्लग लावावा. हम गेला तर तो बाहेरून येत होता. सेट-टॉप बॉक्स किंवा संगणक जोडलेला असेल तर अर्थ दोन वाटांनी जुळून वर्तुळ तयार होते. ती उपकरणे एकेक सोडवून पाहावी. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर प्री-अ‍ॅम्प्लिफायरला लावली आहे ना तेही बघावे. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडलेले संच मी पाहिले आहेत. तसे कोणत्याही परिस्थितीत करू नये.

१९. खरखर आणि चटचट. चालू संचातला व्हॉल्व्ह बांबूच्या काडीने हलकेच टिचकावा. टिचकी स्पीकरातून टणटणली तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक आहे. पहिल्या टप्प्यातून काढून पुढच्या टप्प्यात, तोच क्रमांक असेल तर, वापरता येतो. हलवल्यावर खरखर आली तर सॉकेट मळलेले आहे. संच बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब पिनांना लावावा आणि व्हॉल्व्ह तीन-चार वेळा आत-बाहेर करावा. यातून काहीच निघाले नाही तर पहिल्या टप्प्यातले जुने कार्बन रेझिस्टर, विशेषतः प्लेटचे, मेटल फिल्मने बदलावेत.

२०. ‘पुक-पुक’. गावाकडच्या जुन्या पिठाच्या गिरणीसारखा संथ ठोका स्पीकरातून येतो आणि कोन पुढे-मागे हलताना दिसतो. एच.टी.च्या साखळीतले टप्प्यांना अलग ठेवणारे कंडेन्सर सुकले की असे होते. लगेच बंद करावे. स्पीकरला हे सोसत नाही.

२१. लाल प्लेट. आउटपुट व्हॉल्व्हच्या करड्या पत्र्यावर लालसर डाग दिसला तर विचार नंतर, प्लग आधी. मग कलम १४ किंवा १५ प्रमाणे तपासावे. काचेच्या आतल्या पृष्ठभागावर दिसणारा निळा उजेड निरुपद्रवी असतो. इलेक्ट्रोडांच्या मधोमध जांभळट धुके दिसले तर मात्र वायू शिरला आहे.

नेहमीची देखभाल

२२. उष्णता आणि जागा. चार ईएल८४ चे हीटरच १९ वॅट खातात. सगळा संच शंभर वॅटच्या बल्बाइतका तापतो. काचेच्या बंद शोकेसमध्ये तो ठेवू नये. वर किमान हातभर मोकळी जागा असावी, आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जाळीचे झाकण काढू नये. ऐकायचे नसेल तेव्हा बंद ठेवावा. बंद केल्यावर लगेच पुन्हा सुरू करू नये. मिनिटभर जाऊ द्यावे. चौकोनी लहर देणाऱ्या साध्या इन्व्हर्टरवर चालवू नये, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो.

२३. पावसाळा. कोकणात आणि मुंबईत जूनपासून चार महिने सॉकेट, फायबरच्या पट्ट्या आणि ट्रान्सफॉर्मरचा कागद दमट होतो. आठवड्यातून दोनदा तासभर तरी संच लावावा. त्याची स्वतःची ऊब हेच उत्तम औषध. महिनाभर बंद राहिला असेल तर झाकण काढून दिवसभर पंख्याखाली ठेवावा आणि पहिल्यांदा सिरीज बोर्डवरून सुरू करावा.

२४. दर महिन्याला कोरड्या मऊ ब्रशने धूळ, सहा महिन्यांनी कॅथोड किंवा बायसची मापे, वर्षातून एकदा तळ उघडून पूर्ण पाहणी. व्हॉल्व्हची काच पुसताना छापील अक्षरांवर हात फिरवू नये. अल्कोहोलने ती क्षणात जातात आणि मग ईसीसी८१, ८२, ८३ ओळखणे अवघड होते. तिघे दिसायला सारखे, हीटरही तेच, पण प्रवर्धनांक अनुक्रमे ६०, १७ आणि १००. व्हॉल्व्ह काढताना सरळ वर ओढावा. गोल फिरवला तर नऊ पिनांच्या काचेच्या बुडाला तडा जातो.

२५. खरेदी. एकाच व्हॉल्व्हला युरोपीय आणि अमेरिकन अशी दोन नावे असतात: ईएल८४ म्हणजेच ६बीक्यू५, ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७, ईएल३४ म्हणजे ६सीए७, जीझेड३४ म्हणजे ५एआर४. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले जुने ईएल८४ अजूनही कुठे कुठे डब्यात बंद सापडतात आणि ते चांगले असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली येथे कंडेन्सर, रेझिस्टर, सॉकेट मिळतात. नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. आउटपुटसाठी ‘मॅच्ड पेअर’च घ्यावी. एसव्ही८३ हा ईएल८४ सारखा दिसतो, पण त्याच्या जागी थेट चालत नाही.

२६. मेन्स ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाला, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा एक अर्धा उघडा दाखवू लागला, किंवा दोन संध्याकाळी मोजूनही दोष हाती लागला नाही, तर येथे थांबून जुन्या रेडिओ मेकॅनिककडे जावे. नेताना व्हॉल्व्ह काढून प्रत्येकाला जागेची चिठ्ठी लावावी, वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या खोक्यात ठेवावेत. संच ट्रान्सफॉर्मर खाली येतील असा कलंडू देऊ नये. बरोबर सर्किट आकृती आणि मापांची वही न्यावी, आणि आपण काय-काय बदलले ते काही न लपवता सांगावे.